हिरवी वायर

"आजोबा, नळ चावतो," असं स्पृहा म्हणाली तेव्हा राजाराम तांबे हसले होते. नऊ वर्षांची नात. तिला शाळेचे मोजे चावायचे, लोकरीची टोपी चावायची, एकदा तर आजीची गोधडीही चावली होती. "थंड पाणी लागलं असेल गं," असं म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं. ही सोमवारची गोष्ट. बुधवारी दुपारी पावणेचारला, परळला मित्राच्या मोरीत उभे असताना, तेच तीन शब्द त्यांना आठवले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ते का पळालं हे कळायचं तर आधी दिव्याचं सांगितलं पाहिजे.

राजाराम गिरणीतले वायरमन. आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन इलेक्ट्रिक खात्यात लागले, ते गिरणीला टाळं लागेपर्यंत तिथेच होते. पण त्यांचं खरं नाव झालं नायगावच्या चाळीत. चाळीतल्या ऐंशी खोल्यांपैकी निम्म्यांची वायरिंग त्यांच्या हातची. चौदा एप्रिलची रोषणाई तर तीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी केली नाही. गच्चीवरून खालपर्यंत सोडलेल्या माळा, कमानीवर फिरणारं अशोकचक्र, आणि तीस वर्षांत एका माणसाला साधा झटका बसला नाही. हे शेवटचं ते स्वतःच सांगायचे, आणि कुणी न विचारता सांगायचे. ते सुरू झालं की त्यांच्या पत्नी बकुळाबाई उठून चहा टाकायला जायच्या.

मग चाळ गेली, टॉवर आला, आणि तांब्यांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं. घर झकास. फक्त राजारामांना तिथे करण्यासारखं काही उरलं नाही. वायरिंग भिंतीत गडप, फ्यूज बांधायला कुणाची हाक नाही, दारं सगळ्यांची बंद. सहा महिने हा माणूस खिडकीशी बसून वडाळ्याकडचं आभाळ बघत राहिला. मुलगा संघर्ष बँकेत आणि सून दीपिका पालिकेच्या ऑफिसात. दोघं रात्री जेवताना एकमेकांकडे बघायचे, पण काय करावं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

अशात संघर्षने हॉलमध्ये समुद्र आणला. दोन फुटांची काचेची टाकी, त्यात मापाने मीठ घातलेलं पाणी, तळाला खडक, खडकावर मऊ प्रवाळाचे चार झुपके आणि दोन नारिंगी मासे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राणी असतो, हे स्पृहाने आजोबांना सांगितलं. तो उजेडावर जगतो हेही तिनेच सांगितलं. 'उजेड' म्हटल्यावर राजाराम खुर्चीतून उठले. दिवा कोणता घ्यायचा हे आपण ठरवायचं, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

बापलेक माटुंग्याला हितेंद्रच्या माशांच्या टाक्यांच्या दुकानात गेले. हितेंद्र तिशीतला, बोलायला गोड, पण आपल्या कामात पक्का. त्याने तीन दिवे पेटवून दाखवले. "काका, समुद्रात खाली गेलं की निळाच उजेड उरतो, म्हणून ह्यांना निळा जास्त लागतो, पांढरा कमी. आणि हळूहळू वाढवायचा. उजेड कमी पडला तर प्रवाळ नुसता मलूल होतो, पण जास्त झाला तर पांढरा पडून मरतो." मग त्याने एक चपटा दिवा हातात घेतला. "हा घ्या. ह्याचा अ‍ॅडॉप्टर लांब भिंतीकडे राहतो, पाण्याजवळ फक्त चोवीस व्होल्ट. उद्या टाकीत पडला तरी माणूस मरणार नाही."

इथेच बिघडलं. राजारामांना ते मरणाचं बोलणं लागलं. ज्याने तीस वर्षं अख्खी चाळ उजळली त्याला हा कालचा पोरगा झटक्याची भीती दाखवतो! "रेडिमेडला काय अर्थ आहे," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "मी बनवतो." संघर्षला सहा महिन्यांत बापाच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक दिसत होती. अशा वेळी कुठला मुलगा नाही म्हणेल?

राजाराम विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेले. अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल आणलं, निळे-पांढरे एलईडी आणले, दोनशे तीस व्होल्टवर चालणारा जाडजूड ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारा डबा, आणला, आणि चार दिवस हॉलभर पसारा घालून दिवा तयार केला. टाकीवर चार बोटं वर, लोखंडी स्टँडला टांगलेला. सुंदर झाला होता, खोटं कशाला बोला. पेटला की भिंतींवर लाटा हलायच्या. स्पृहा शाळेतून येते चारला, म्हणून त्यांनी टायमरही चारचाच लावला.

"पप्पा, अर्थिंग?" संघर्षने विचारलं.

"दिलंय," राजाराम म्हणाले.

कसं दिलं ते ऐका. चाळीत नळाचा पाइप लोखंडी. कॉर्पोरेशनच्या लाइनपासून जो निघाला तो जमिनीतून थेट खोलीत. त्यामुळे फ्रिज असो, लोखंडी टेबलफॅन असो, अंगावर करंट आला तर तो जमिनीत जावा म्हणून एक हिरवी वायर काढायची आणि नळाच्या पाइपाला पट्टीने घट्ट आवळायची. सगळी चाळ असंच करायची आणि चाळीला हे शिकवलं राजारामांनी. नव्या घरातल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, अर्थिंगचं. पण ते भिंतीच्या आत कुठे जातं हे कुणी बघितलंय? "डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही," असं म्हणून त्यांनी दिव्यापासून हिरवी वायर काढली, भिंतीच्या कडेकडेने पॅसेजपर्यंत नेली आणि बेसिनच्या चकचकीत नळाच्या मानेला आवळली.

दहा दिवस सगळं छान चाललं. मग प्रवाळ फिके दिसायला लागले. राजारामांनी निदान केलं की उजेड कमी पडतोय. बुधवारी सकाळी, मुलगा-सून कामाला गेल्यावर, त्यांनी दिव्यात आणखी एक पट्टी आणि आणखी एक ड्रायव्हर बसवला. ह्या दुसऱ्याला झाकण नव्हतं, खालून मिठाचं पाणी बुडबुडत होतं, तरी म्हणाले, झाकण उद्या आणू. चालू करून बघायला गेले तर घराची वीजच गेली. दाराजवळच्या बोर्डातला ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळायला लागली की माणसाला झटका बसण्याआधी घर बंद करणारा स्विच, तो पडला. त्यांनी वर केला, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. "भिकार माल," राजाराम म्हणाले. त्यांनी बोर्ड उघडला, ईएलसीबीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी काढल्या आणि डायरेक्ट जोडून टाकल्या. दिवा झक्कन पेटला. त्यांनी तो बंद करून टायमरवर टाकला आणि हात धुतले. हातांना काहीच जाणवलं नाही, कारण दिवा तेव्हा बंद होता.

दुपारी कुशाबाचा फोन आला. कुशाबा गिरणीतला फिटर, मूळचा मालवणकडचा, आता गिरणी कामगारांच्या सोडतीत परळला घर मिळालेला. त्याच्या मोरीत पाणी झिरपत होतं आणि प्लंबर भिंत फोडायला आला होता. "राजा, तू येऊन उभो ऱ्हव रे," कुशाबा म्हणाला, "हो प्लंबर माका कायतरी सांगता आणि माका कायच कळना नाय." रोज स्पृहाला बसवरून आणायला राजाराम जायचे. आज त्यांनी बकुळाबाईंना जायला सांगितलं आणि परळ गाठलं.

प्लंबरने छिन्नीने टाइल काढली, विटा काढल्या आणि हात आत घातला. नळाच्या मागे, भिंतीच्या आत, दुधी रंगाची प्लास्टिकची नळी होती. पितळी नळ त्या नळीच्या टोकाला नुसता अडकवला होता.

"हा नळाचा पाइप?" राजारामांनी विचारलं.

"हां काका."

"लोखंडी कुठाय?"

प्लंबर हसला. "लोखंड आता कोण घालतो? सगळ्या टॉवरात हेच. वरच्या टाकीपासून खालपर्यंत प्लास्टिक."

राजाराम त्या नळीकडे बघत राहिले. प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही, हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. म्हणजे त्यांची हिरवी वायर जमिनीपर्यंत जातच नव्हती. ती नळापर्यंत जात होती आणि तिथेच संपत होती. दिव्यात गळलेली वीज ती वायर इमानेइतबारे बेसिनच्या नळात आणून ठेवत होती. बाहेर दिसणाऱ्या नळाच्या मागे भिंतीत काय आहे, हे त्यांनी कुठे बघितलं होतं?

आणि मग त्यांना 'नळ चावतो' आठवलं. ती सोमवारी म्हणाली होती. तेव्हा एकच ड्रायव्हर होता, झाकणाचा, आणि ईएलसीबी जागेवर होता. आज दोन होते, एक उघडा, आणि ईएलसीबी त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता. घड्याळात तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. चारला दिवा आपोआप पेटणार होता. चारलाच स्पृहाची बस येणार होती. आणि बकुळाबाईंचा चाळीपासूनचा नियम होता की बाहेरून आलं की आधी हात धुवायचे, मग बाकी सगळं.

"काय झाला रे? तोंड असा काय पडला तुझा?" कुशाबाने विचारलं.

"माझी नात," एवढंच राजाराम म्हणाले आणि चपला पायात नीट न अडकवता जिना उतरायला लागले.

खाली टॅक्सी मिळाली. त्यांनी बकुळाबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. म्हणजे ती खाली गेली असणार, गेटवर. बकुळाबाई खाली उतरताना फोन घरी कपाटात ठेवून जात, रस्त्यात हरवेल म्हणून. ह्या सवयीची राजारामांनी शंभर वेळा चेष्टा केली होती.

संघर्षचा फोन लागला नाही. दीपिकाचा लागला, ती "मीटिंगमध्ये आहे पप्पा, दहा मिनिटांत करते" म्हणाली आणि ठेवला गेला. त्यांना सांगताच आलं नाही. सांगायचं तरी काय, की मी तुझ्या पोरीसाठी नळात वीज सोडून आलोय?

चाळ असती तर काय झालं असतं? समोरच्या मीराबाईंच्या घरी एक फोन, की त्यांनी गॅलरीतून अशी हाळी दिली असती की तळमजल्यापर्यंत माणसं धावली असती. दार तर दिवसा कुणी लावायचंच नाही. सतराव्या मजल्यावर शेजारी कोण राहतं हे राजारामांना नावानिशी माहीत होतं, पण एकाचाही नंबर त्यांच्याकडे नव्हता. मीराबाई आता दुसऱ्या विंगेत सहाव्या मजल्यावर. त्यांचा लावला तर स्विच्ड ऑफ.

हिंदमाताजवळ टॅक्सी थांबली. पुढे बस, बसच्या पुढे टेम्पो. "भाई, जल्दी करो ना," राजाराम म्हणाले. "उडके जाऊं क्या, चाचा?" टॅक्सीवाला म्हणाला. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. आता दिवा पेटला असेल. हॉलच्या भिंतीवर लाटा हलत असतील. बस आली असेल. स्पृहा दप्तर आजीकडे देऊन लिफ्टकडे पळत असेल, सतराचं बटण आपणच दाबणार म्हणून. तिचे बूट-मोजे दाराबाहेर. मोठी माणसं घरात रबरी चपला घालायची, अनवाणी फिरायची ती एकटीच. मग अनवाणी पायांनी, त्या गार लादीवरून, बेसिनकडे.

त्यांना गिरणीतला एक माणूस आठवला. भिजलेल्या फरशीवर उभा राहून त्याने मोटरला हात लावला होता. आवाजसुद्धा झाला नव्हता. तो चेहरा राजारामांनी चाळीस वर्षं आठवू दिला नव्हता, आणि आज तो त्यांना नातीच्या वेण्यांसकट दिसला. त्यांनी बाबासाहेबांची शपथ घेतली, बुद्धाला वंदन केलं, कुशाबाच्या गावच्या देवीलाही मनातल्या मनात हात जोडले. लाज वाटायची ती नंतर वाटेल.

सिग्नलला टॅक्सी पुन्हा अडकली तेव्हा ते पैसे सीटवर टाकून उतरले आणि पळत सुटले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, एका पायात चपल, दुसरी वाटेतच राहिलेली.

गेटवर वॉचमनने सलाम ठोकला. "आजी आली वर? मुलीला घेऊन?" राजारामांनी विचारलं.

"कधीच गेल्या. पाच-सात मिनिटं झाली."

"मीटर रूमची चावी दे. लवकर!" वायरमनचं डोकं अजून चालत होतं. खालूनच घराचा मेन पाडला की झालं. पण चावी सेक्रेटरीकडे होती आणि सेक्रेटरी ऑफिसला. "इंटरकॉम लाव मग. सतराशे चार." वॉचमनने लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. घरात दोन माणसं आहेत आणि कुणी उचलत नाही, ह्याचा जो अर्थ राजारामांच्या मनात आला तो त्यांनी पुरता येऊ दिला नाही.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, कुणी नव्हतं. नवव्यावर थांबली, एक बाई पिशव्या घेऊन चढल्या, "जय भीम तांबेकाका, फिरायला का?" म्हणाल्या. राजारामांनी मान हलवली. अकराव्याला त्या उतरल्या, पिशव्या एकेक करून.

सतरावा. दारापाशी दोन लहान बूट व्यवस्थित ठेवलेले. किल्ली भोकात जाईना. दुसऱ्या हाताने मनगट धरून त्यांनी ती घातली. दार उघडलं आणि आतून निळा उजेड अंगावर आला. भिंतीवर लाटा हलत होत्या. आणि आतल्या बाजूने पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"नळाला हात लावू नका!" राजाराम ओरडले. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. ओरडतानाच त्यांनी दाराजवळचा बोर्ड उघडून मेन खाली पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, लाटा विझल्या. घर एकदम शांत झालं, आणि पाण्याचा आवाज तेवढा चालूच राहिला.

"काय झालं आजोबा?"

स्पृहा बाथरूमच्या दारात उभी होती. ओले हात पुढे धरलेले, कोपरांवरून पाणी ठिबकत होतं. तिच्या मागे बकुळाबाई, हातात लाल प्लास्टिकचा मग, आणि मगातून उरलेलं पाणी बादलीत पडत होतं.

राजाराम भिंतीला टेकले आणि तसेच घसरत खाली बसले. "तू नळाला हात लावलास?"

"नाही. आजीने बांधून ठेवलाय."

तेव्हा त्यांचं लक्ष पॅसेजमधल्या बेसिनकडे गेलं. नळाला बकुळाबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून वर दोरीने करकचून गाठ मारली होती, दुखावलेल्या बोटाला बांधतात तशी.

"पोर सोमवारपासून सांगतेय नळ चावतो म्हणून," बकुळाबाई म्हणाल्या. "आज सकाळी शाळेत जाताना परत म्हणाली. मग तुम्ही परळला गेल्यावर मी बांधून टाकला. प्लास्टिकची बादली भरून ठेवली, म्हटलं, ह्यातूनच धुवा सगळ्यांनी."

"तुला काय कळलं त्यातलं?"

"मला काय कळायचंय? वीजबिज तुमची. पोर म्हणते चावतो, तर चावत असेल. खोटं कशाला बोलेल?" त्या त्यांच्याकडे नीट बघत म्हणाल्या. "इंटरकॉम वाजत होता, पण हिचे हात साबणाचे आणि माझ्या हातात मग. तुम्ही होतात का तो? आणि चपल कुठाय तुमची?"

राजाराम उठले. त्यांनी दोघींना सोफ्यावर पाय वर घेऊन बसायला सांगितलं आणि खाली उतरायचं नाही असं दोनदा बजावलं. रबरी चपला घातल्या, खिशातून टेस्टर काढला. गाठ सोडून चिंधी बाजूला केली. मग मेन वर केला. निळा उजेड परत आला. त्यांनी एक हात पाठीमागे ठेवला, जसा शिकाऊ असताना उस्तादाने ठेवायला शिकवला होता, आणि टेस्टरचं टोक नळाला लावलं.

टेस्टरमधला दिवा पेटला. मिणमिणता नाही, पूर्ण लाल, सॉकेटमध्ये पेटतो तसा. राजाराम त्या दिव्याकडे बघत राहिले. आयुष्यात इतके दिवे लावले, पण ह्या एवढ्याशा दिव्याइतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांनी मेन पुन्हा पाडला, पक्कड घेतली आणि हिरवी वायर नळाच्या मानेपाशी कापली.

अजून एक गोष्ट शक्य होती. वायर गुंडाळून माळ्यावर टाकायची, ईएलसीबी जागच्या जागी जोडायचा आणि संघर्षला सांगायचं की नळ खराब होता, बदलला. बकुळाबाईंना तांत्रिक काही कळत नव्हतं. तीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. राजारामांनी हातातल्या वायरकडे बघितलं, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या पोरीकडे बघितलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

ते टाकीसमोर खाली बसले. "स्पृहा, बाळा, नळ खरंच चावत होता. मीच चावका केला होता तो. माझं चुकलं."

"तुम्ही?"

"मीच. दिव्यातली वीज मी नळात आणून सोडली. मुद्दाम नाही, पण माझ्याच हाताने. आणि तू सांगितलंस तेव्हा मी हसलो."

स्पृहाने थोडा विचार केला. "मी तीनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, नुसती आठवून सांगत होती. "एकदा तुम्ही हसलात. एकदा तुम्ही दिव्यात स्क्रू घालत होतात आणि म्हणालात, मध्ये बोलू नको. आणि आज सकाळी सांगितलं, तेव्हा तुम्ही हूं म्हणालात."

राजारामांना पहिलंच आठवत होतं. बाकीचे दोन त्यांनी ऐकलेच नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. बकुळाबाई आज चहा टाकायला उठल्या नाहीत.

त्यांनी आधी संघर्षला फोन केला. ह्या वेळी लागला. एक शब्द न लपवता सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन बोलाव. बोर्ड त्याने जोडू दे. मी हात लावणार नाही." संघर्ष म्हणाला, "स्पृहाकडे द्या ना फोन," आणि तिचा आवाज ऐकून तो रडायला लागला, हे राजारामांना इतक्या लांबूनही कळलं. नंतर त्यांनी हितेंद्रला लावला. "तो चोवीस व्होल्टचा आहे का अजून? ठेव माझ्यासाठी. आणि प्रवाळ फिके पडलेत, म्हणून मी उजेड वाढवला."

"अहो काका, फिके पडलेत म्हणजे उजेड जास्तच झालाय," हितेंद्र म्हणाला. "दोन दिवस अंधारात राहू द्या त्यांना. वाचतील."

टाकीत आता खिडकीतून येईल तेवढाच उजेड होता. मासे खडकामागे जाऊन बसले होते. स्पृहा काचेला नाक लावून बघत होती.

"ते घाबरलेत का आजोबा?"

"नाही गं. अंधाराची सवय असते त्यांना."

"आणि तुम्ही?"

"मी घाबरलो," राजाराम म्हणाले. "खूप घाबरलो, बाळा. अजून घाबरलेलाच आहे."

स्पृहाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. टॅक्सीची धूळ, घाम, बोर्डातला काळा मळ. तिने त्यांचं मनगट धरून त्यांना बाथरूमकडे ओढलं. "चला. बाहेरून आलात ना? आधी हात धुवायचे."

राजाराम बादलीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने लाल मग भरला आणि सावकाश, एक थेंबही बाहेर न सांडता, त्यांच्या हातांवर पाणी घालायला लागली.